भरवशाचं पिस्तूल

१

आपल्यातली शिकलेली, चळवळीच्या कामाला लागलेली पोरं अलीकडं एक प्रश्न तोंडावर विचारतात : रोज कमरेला लावता येईल असं, जुन्या बनावटीचं, ऐनवेळी दगा न देणारं पिस्तूल कुठलं घ्यावं?

प्रश्न चेष्टेचा नसतो. अत्याचाराच्या केसमध्ये साक्षीदार टिकवून धरणारा, गायरानाच्या जमिनीसाठी तहसील कचेरीचे उंबरे झिजवणारा, रात्री अकराला मोटारसायकलवरून एकटाच गावाकडं परतणारा कार्यकर्ता हे विचारतो. मागून येणाऱ्या जीपचा उजेड पाठीवर पडला की त्याच्या पोटात काय होतं, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं या प्रश्नाला हसू नये.

या प्रश्नाला दोन तयार उत्तरं आहेत. पहिलं पांढरपेशांचं. हिंसा वाईट, शस्त्र वाईट, तुम्ही तर बुद्धाची लेकरं, तुम्हाला हे शोभत नाही. हे उत्तर देणाऱ्याच्या वाड्यात भिंतीवर आजोबाची बारा बोअर टांगलेली असते, लायसन्ससकट, आणि दसऱ्याला तिला हळदकुंकू लागतं, झेंडूचा हार पडतो. शस्त्राची पूजा करणाऱ्यानं आपल्याला अहिंसा शिकवावी, हा या देशातला जुनाच धंदा आहे. दुसरं उत्तर आपल्यातल्याच गरम डोक्यांचं. घ्या, ठोका, पुढचं बघून घेऊ. हे उत्तर देणारा बहुतेक वेळा शहरात राहतो. सकाळी उठून त्याला त्याच गावातल्या पिठाच्या गिरणीवर जायचं नसतं.

मला ही दोन्ही उत्तरं मान्य नाहीत. प्रश्नाचे दोन तुकडे करून दोन्हींना सरळ भिडलं पाहिजे. कुठलं पिस्तूल, हा पहिला तुकडा. भरवसा कशाला म्हणायचं, हा दुसरा. पहिला सोपा आहे, म्हणून तो आधी उरकतो.

२

कायद्यानं मिळणाऱ्या हत्यारांत आपल्यापुढं फार मोठा बाजार मांडलेला नाही. पोलीस आणि लष्कर वापरतात ते ९ मि.मी. आणि .३८ हे बोअर सामान्य नागरिकाला बंद आहेत. म्हणून आपल्या देशात खाजगी माणसाच्या कमरेला असतं ते बहुतेक करून .३२. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ चं रिव्हॉल्व्हर हे वेब्ली या इंग्रजी रिव्हॉल्व्हरच्या बांधणीवर बेतलेलं आहे. सहा घरांचं चक्र. चाप ओढला की घोडा मागं जातो, चक्र एक घर फिरतं, घोडा पडतो. एखादं काडतूस फुसकं निघालं तर काही सोडवत बसायचं नाही. पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. मॅगझीनच्या पिस्तुलाचं तसं नाही. त्यात काडतूस अडकलं तर दुसऱ्या हातानं वरचा सरकता भाग मागं खेचून ते बाहेर काढावं लागतं, आणि मारेकरी अंगावर असताना दुसरा हात मोकळा असेलच असं नाही. ज्याला महिन्याला शेकडो गोळ्या झाडून सराव करायची ऐपत नाही, आणि आपल्यात ती कुणाला आहे, त्यानं घ्यायचंच झालं तर रिव्हॉल्व्हर घ्यावं. त्याचा चाप जड असतो, तेही बरंच. घाबरलेल्या बोटानं सहजासहजी सुटत नाही.

रोज वागवण्याचे हाल वेगळे. उन्हाळ्यात सदऱ्याखाली घामानं लोखंड गंजायला लागतं, त्याला सारखं पुसून तेल द्यावं लागतं. पातळ सदऱ्यातून ते दिसतं, आणि एकदा दिसलं की गावभर होतं. घरी ठेवायचं कुठं? दहा बाय दहाच्या खोलीत कुलपाचं कपाट कुणाकडं आहे? आणि आपल्या वस्तीची भिंत पत्र्याची. चुकलेली गोळी पत्र्याला भोक पाडून शेजारच्या झोळीत निजलेल्या लेकरापर्यंत जाते. हेही हत्यार निवडण्यातच येतं, पण दुकानदार ते सांगत नाही.

आता किंमत. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या बलात्काराच्या प्रकरणानंतर कानपूरच्या सरकारी कारखान्यानं जानेवारी २०१४ मध्ये खास बायकांसाठी म्हणून एक हलकं .३२ चं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. वजन सुमारे ५०० ग्रॅम, नाव 'निर्भीक', किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. शेतमजूर बाईनं निर्भीक व्हायचं तर तिनं कितीतरी हंगामांची मजुरी न खाता बाजूला ठेवायची! शस्त्राचा कायदा १९५९ चा. त्याच्या चौदाव्या कलमात चांगलं लिहिलंय, की अर्जदाराकडं पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. कायद्यानं गरिबाला दार उघडं ठेवलं, पण दारापलीकडच्या दुकानात त्याला परवडेल असं काही नाही.

'जुन्या बनावटीचं म्हणजे भरवशाचं' असं जे म्हटलं जातं, त्याचाही जरा इतिहास बघावा. जगात सगळ्यात नावाजलेलं जुनं पिस्तूल म्हणजे जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिरानं बनवलेलं १९११ चं .४५. सात गोळ्यांचं मॅगझीन, रिकामं असताना वजन किलोभराच्या वर. आज शंभर वर्षं उलटली तरी शौकीन लोक त्याची शपथ घेतात. त्याचा बोअर एवढा दांडगा का? फिलिपाइन्स बेटं गिळायला गेलेल्या अमेरिकन फौजेशी तिथले मोरो लोक लढले. .३८ च्या गोळ्या खाऊनही ते अंगावर येत, पडत नसत. म्हणून १९०४ साली अमेरिकन लष्करानं शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर आणि माणसांच्या प्रेतांवर गोळ्या झाडून पाहिल्या, आणि मोठी गोळी हवी असं ठरवलं. म्हणजे आपल्या जमिनीसाठी लढणारा माणूस पाडायला जे लागलं, त्याला पुढं भरवसा म्हटलं गेलं.

आणि आपल्याकडं? ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या म्हाताऱ्या गांधींवर पुण्याच्या नथुराम गोडसेनं इटालियन बेरेटा पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही सुटल्या. पिस्तूल अडकलं नाही. यंत्राच्या हिशेबानं ते अगदी भरवशाचं होतं. गांधींशी आपलं भांडण होतं नि आहे, पुणे कराराची जखम अजून भरलेली नाही. पण ते भांडण आपण पिस्तुलानं केलं नाही, हे लक्षात ठेवा. पुढं नरेंद्र दाभोलकर २०१३ साली, गोविंद पानसरे आणि कलबुर्गी २०१५ साली, गौरी लंकेश २०१७ साली. सगळे गोळीनं गेले. फिरायला निघालेले किंवा दारात उभे असलेले. यांतल्या कुणाच्या कमरेला चांगलं पिस्तूल असतं तर काय झालं असतं? मारणाऱ्यानं वेळ निवडलेली असते, जागा निवडलेली असते. मरणाऱ्याला ते निवडता येत नाही. पिस्तूल ज्याच्या हाती पहिला क्षण आहे त्याचं असतं, आणि पहिला क्षण जवळजवळ नेहमीच हल्लेखोराचा असतो.

३

यंत्राचा भरवसा पाहिला. आता हाताचा भरवसा पाहू. तेच पिस्तूल, तीच गोळी, तोच कायदा. पण हात कुणाचा आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. हा प्रश्न आपल्याआधी अमेरिकेतल्या काळ्या माणसांना पडला. त्यांच्या पँथरचं नाव १९७२ साली मुंबईतल्या आपल्या पोरांनी घेतलं, म्हणून त्यांच्याकडं जाणं भाग आहे.

१८५७ साली ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामानं आपण स्वतंत्र आहोत म्हणून मांडलेला दावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला. काळे लोक नागरिक का नव्हेत हे सांगताना सरन्यायाधीश टॅनीनं यादीच दिली : त्यांना नागरिक मानलं तर ते सभा घेतील, मनास येईल तिकडं फिरतील, आणि जातील तिथं शस्त्र बाळगतील. म्हणजे काळ्याच्या हातातलं शस्त्र ही त्याला माणूस न मानण्याची सबब झाली. गुलामगिरी संपल्याबरोबर १८६५ साली मिसिसिपीनं कायदा केला, की मोकळ्या झालेल्या काळ्यानं परवान्याशिवाय बंदूक ठेवायची नाही. परवाना देणारा गोरा.

१८९२ साली मेम्फिस शहरात आयडा वेल्स या पत्रकार बाईच्या मित्राला, थॉमस मॉस या काळ्या दुकानदाराला, दोन साथीदारांसह झुंडीनं मारलं. गुन्हा काय, तर गोऱ्याच्या दुकानासमोर त्यांचं दुकान चांगलं चाललं. बाईनं पिस्तूल विकत घेतलं. काळ्यांच्या प्रत्येक घरात रायफलीला मानाची जागा असावी असंही लिहिलं. मला तिचा राग कळतो, आणि ती चुकली असं म्हणायची माझी छाती नाही. पण तिचं काम बघा. ती शहराबाहेर असताना झुंडीनं तिच्या वर्तमानपत्राची कचेरी फोडली. पिस्तूल कचेरी राखू शकलं नाही. तिनं पुढं वर्षानुवर्षं जे केलं ते असं : किती माणसं झुंडीनं मारली, कुठं मारली, कुठला खोटा आळ घालून मारली, याचा गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतून हिशेब काढला आणि जगापुढं मांडला. आज आयडा वेल्स आठवते ती त्या हिशेबासाठी.

मार्टिन ल्यूथर किंगला सगळे अहिंसेचा पुतळा करून ठेवतात. जानेवारी १९५६ मध्ये माँटगोमेरीत त्याच्या घरावर बॉम्ब पडला, तेव्हा त्यानं हत्यार बाळगायचा परवाना मागितला होता, हे सांगत नाहीत. परवाना नाकारला. पुढं विचारानं त्यानं घरातली हत्यारं काढून टाकली. पण दक्षिणेतली सगळी माणसं किंग नव्हती. १९६४ साली लुइझियानात 'डीकन्स फॉर डिफेन्स अँड जस्टिस' ही संघटना उभी राहिली. त्यांत लष्करातून परत आलेले कामगार होते. रात्री बंदुका घेऊन ते वस्त्यांवर आणि हक्कांसाठी आलेल्या कार्यकर्त्यांच्या घरांवर पहारा देत. त्यांच्यातला एकजण सुटा, स्वतःच्या मर्जीनं बंदूक मिरवत फिरत नव्हता. पहारा होता, पाळी होती, नेमून दिलेलं काम होतं. १९६६ च्या मिसिसिपीतल्या मोर्च्यात, जिथं किंग स्वतः चालत होता, तिथंही हे डीकन रक्षणाला होते. अहिंसेचा मोर्चा आणि त्याच्या कडेला बंदुकीचा पहारा, हे दोन्ही एकाच रस्त्यावर चाललेलं आहे.

त्याच १९६६ च्या ऑक्टोबरात ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. कॅलिफोर्नियात तेव्हा भरलेली बंदूक उघडपणे बाळगायला बंदी नव्हती. पँथर कायद्याचं पुस्तक आणि बंदूक घेऊन पोलिसांच्या गाडीमागं फिरायचे. मग काय झालं? १९६७ साली कायदाच बदलला. सही केली रोनाल्ड रेगननं, जो पुढं बंदूकवाल्यांचा लाडका राष्ट्राध्यक्ष झाला. हक्क होता तोवर होता. काळ्यानं वापरल्याबरोबर तो गुन्हा झाला.

वाटेल, ही जुनी गोष्ट झाली. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटात फिलँडो कास्टिल या काळ्या माणसाची गाडी पोलिसानं थांबवली. त्याच्याकडं पिस्तूल होतं, परवाना होता, आणि कायदा पाळणाऱ्या माणसासारखं त्यानं आपण होऊन सांगितलं, साहेब, माझ्याकडं हत्यार आहे. पोलिसानं त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या. शेजारी मैत्रीण, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची पोर. २०१७ साली तो पोलीस निर्दोष सुटला. कास्टिलचं पिस्तूल कुठल्या कंपनीचं होतं, अडकणारं होतं की न अडकणारं, याला आता काय अर्थ आहे? त्याला मारलं ते 'माझ्याकडं हत्यार आहे' या वाक्यानं. तेच वाक्य गोरा माणूस बोलला असता तर पोलीस बहुतेक म्हणाला असता, ठीक आहे, लायसन्स दाखवा.

हाताचा भरवसा तो हा. लोखंड सगळ्यांना सारखं वागवतं. लोखंडाभोवतीचा समाज सारखं वागवत नाही.

४

आता आपल्या घरात येऊ. मनूनं धर्मावर संकट आलं तर द्विजांनी शस्त्र धरावं अशी मोकळीक दिली. शूद्राला नाही, आणि आपण तर त्याच्याही बाहेरचे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये नेमका हा प्रश्न घातला : एवढा अन्याय होऊन खालच्या माणसांनी बंड का केलं नाही? त्यांचं उत्तर असं, की चातुर्वर्ण्यानं त्यांच्या हातात शस्त्र येऊ दिलं नाही, शिक्षण येऊ दिलं नाही, त्यांना नुसतं नांगराला जुंपलं. शस्त्रबंदी हा जातीच्या यंत्रातला एक खिळा आहे, हे बाबासाहेबांनी स्पष्ट मांडलंय. ते सुभेदार रामजींचे चिरंजीव होते. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावात लढलेल्या समाजाला इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जात' नाही म्हणून फौजेतून बाहेर ठेवलं, ही सल त्यांच्या घरातली होती. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तोवर ती सल गेली नव्हती.

एवढं वाचून गरम डोकं म्हणेल, बघा, बाबासाहेबही शस्त्राच्या बाजूचे. थांबा जरा.

२० मार्च १९२७. महाड. चवदार तळ्याचं पाणी पिऊन माणसं मंडपात परतलेली. मंदिरात शिरणार अशी आवई उठवून सनातन्यांनी काठ्या घेऊन बेसावध माणसांवर हल्ला केला, बायकापोरंही सोडली नाहीत. आपल्या माणसांत पहिलं महायुद्ध पाहिलेले सैनिक होते. त्यांच्या मुठी वळल्या होत्या, एक शब्द हवा होता. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. उलट शांत राहायला सांगितलं. भित्रे होते म्हणून? मार खाणारे मुठी वळून उभे होते आणि मारणारे कायदा मोडत होते, हे चित्र त्यांना पुसू द्यायचं नव्हतं. पुढं खटला झाला.

आणि डिसेंबर १९४८. घटना समितीत ह. वि. कामत यांनी सूचना आणली, की शस्त्र बाळगणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क करावा. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात तो हक्क होताच. बाबासाहेबांनी विरोध केला. जो तो बाजारात जाऊन हवं ते हत्यार घेऊ लागला तर राज्यकारभार चालेल कसा, असं ते म्हणाले. आणि पुढं, स्वतंत्र देशानं आग्रह धरायचा तो शस्त्र धरण्याच्या हक्काचा नाही, देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा.

ज्यांनी १९३६ साली शस्त्रबंदीला गुलामीचं कारण म्हटलं, त्यांनीच १९४८ साली शस्त्राचा हक्क नाकारला. यात विसंगती आहे का? मला वाटत नाही. शस्त्राचा खुला बाजार झाला असता तर आधी दुकानात कोण पोचलं असतं? ज्याच्याकडं जमीन होती, पैसा होता, तालुक्याला ओळख होती तोच. वाड्यावर एक बंदूक होती तिथं दहा झाल्या असत्या, आणि आपल्या वस्तीत एखाददुसरी. बिहारनं हे दाखवून दिलंय. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री लक्ष्मणपूर बाथे गावात जमीनदारांच्या रणवीर सेनेनं ५८ दलितांना गोळ्या घातल्या, बायका नि पोरं धरून. २०१३ साली पाटण्याच्या उच्च न्यायालयानं सव्वीस आरोपी सोडले. शस्त्राची शर्यत ही पैशाची शर्यत आहे, आणि पैशाच्या शर्यतीत आपण कधीच पुढं नव्हतो. बाबासाहेबांना हत्यार हवं होतं, पण फौजेच्या गणवेशातल्या, सगळ्यांना उत्तर देणाऱ्या हातात. घराघरातल्या कमरेला नव्हे.

५

तरीही माझ्यापुढचा पोरगा विचारणार : मग तोवर मरायचं का?

नाही. आत्मरक्षणाचा हक्क कायद्यानं दिलाय. आधी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. आणि आपला धम्मही मरायला सांगत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेब अहिंसेला तत्त्व म्हणतात, आंधळा नियम म्हणत नाहीत. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत त्यांनी फरक केलाय. बुद्धानं निषेध केला तो इच्छेचा. एखाद्या रात्री कुणी येणार नाही, ठाणं वीस किलोमीटर लांब, फोन लागत नाही, दाराला लाथा बसतायत. त्या रात्री हातात जे असेल ते उचललं तर कुणी बोट दाखवू नये. मी तर दाखवणार नाही.

माझा प्रश्न त्या रात्रीचा नाही. उरलेल्या दिवसांचा आहे. रोज कमरेला लावायचं म्हणजे रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ठरवायचं, की आज कुणालातरी मारावं लागेल. महिनाभर, वर्षभर हे केलं की गरज कधी इच्छा होते ते त्या माणसालाही कळत नाही. चहाच्या टपरीवर कुणी जातीवरून बोललं, हात खाली जातो. भावकीत बांधावरून वाजलं, हात खाली जातो. घरात बायकोशी वाजलं, तिला ठाऊक असतं ते कुठं ठेवलंय. भीती घालवायला आणलेलं हत्यार घरच्यांच्या मनात नवी भीती पेरतं.

आणि आपल्यावर येणारं संकट पिस्तुलाच्या मापाचं असतं तरी का? १० जानेवारी १९७४ ला मुंबईत पँथरच्या मोर्च्यावर वरच्या मजल्यावरून दगडी पाटा पडला आणि भागवत जाधव गेला. पाट्यावर गोळी झाडायची कुणी? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना झुंडीनं मारलं. सहा घरांचं चक्र झुंडीपुढं किती वेळ पुरतं? वर न्यायालयानं जातीचं कारणच मानलं नाही. आणि रोजचं सांगायचं तर गाव आपल्याला गोळीनं मारत नाही. गिरणी बंद करतं. किराणा देत नाही. शेतावरचं काम तोडतं. बहिष्काराला नेम धरता येत नाही.

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसलो ते. अत्याचार प्रतिबंधाचा कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. त्यांतला तिसरा नियम किती कार्यकर्त्यांनी वाचलाय? अत्याचार होण्याचा संभव असलेल्या भागात सरकारनं काय करायचं ते त्यात ओळीनं दिलंय. आधी, आवश्यक वाटलं तर, अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या माणसांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे, घरोब्याच्या मित्रांचे शस्त्रपरवाने रद्द करून हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची. मग बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि त्यानंतर, आवश्यक वाटलं तर, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना परवाने द्यायचे.

क्रम बघा. आधी त्यांची खाली ठेवा, मग गरज पडली तर आमच्या हातात द्या. हा क्रम मला नीतीच्या दृष्टीनं फार मोलाचा वाटतो. बाबासाहेबांची १९३६ आणि १९४८ ही दोन्ही सालं त्यात एकत्र आली आहेत. आपली पोरं शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतात. पहिली ओळ मागत नाहीत, कारण पिस्तूल मागणं सोपं वाटतं आणि पाटलाची बंदूक जमा करा म्हणणं अवघड वाटतं. ते अवघड आहे म्हणूनच ती चळवळ आहे.

तेव्हा हे करा. तालुक्यात शस्त्रपरवाने किती, अत्याचाराचे गुन्हे घडलेल्या गावांत तिसऱ्या नियमाखाली किती रद्द झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालची दक्षता व नियंत्रण समिती तीन महिन्यांतून एकदा तरी बसली पाहिजे असा नियम आहे. ती बसते का बघा, बसत नसेल तर बसवा, आणि तिथं हा आकडा टेबलावर ठेवा. पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण देणं हे सरकारचं कर्तव्य आहे असं १५-अ हे कलम सांगतं, ते २०१६ च्या जानेवारीपासून लागू आहे. ते लेखी मागा, नकार आला तर तोही लेखी घ्या. आयडा वेल्सनं हिशेब ठेवला तसा हिशेब ठेवा.

आणि एवढं करूनही कुणाच्या जिवावर खरंच बेतलं असेल, त्यानं परवाना जरूर मागावा. ती भीक नाही, नियमात आहे. मिळाला तर जड चापाचं, साधं रिव्हॉल्व्हर घ्यावं. पण ते त्याच्या एकट्याचं नसावं. वस्तीतल्या चार जबाबदार माणसांना, त्यांत दोन बायांना, ते कुठं आहे नि का आहे हे ठाऊक असावं. दारू पिणाऱ्याकडं ते नसावं. मोर्च्याला, सभेला, सहा डिसेंबरला ते कदापि नेऊ नये. घटनेनं आपल्याला जमण्याचा हक्क दिलाय तो शांततेनं आणि विनाशस्त्र जमण्याचा. एका कमरेला हत्यार सापडलं की हजारांचा मोर्चा पोलिसांच्या कागदावर दंगल होतो. आणि धोका टळला की ते जमा करावं. जमा करताना हात जड झाला, तर समजावं की गरज संपून इच्छा सुरू झाली होती.

भरवसा हा शब्द आपण फार स्वस्त केलाय. ऐनवेळी गोळी सुटते एवढ्यावर भरवसा म्हणत असाल, तर तो गोडसेच्या पिस्तुलातही होता. आपल्याला हवा आहे तो भरवसा वेगळा : रात्री अकराला मोटारसायकलवरून एकटा येणारा कार्यकर्ता घरी पोचेल हा. तो कुठल्या कारखान्यात बनत नाही. ठाणेदाराकडून, कलेक्टरकडून, गावाकडून तो वसूल करावा लागतो, आणि वसुलीला एकट्यानं जायचं नसतं.

जय भीम.